गुणाजी रांदप्याची गोळी

आमच्या देवस्थान समितीची स्मरणिका निघते आहे. तिच्यात 'गावाचे सेवाभावी हात' असं एक सदर आहे आणि गुणाजीवर दोन पानं मी लिहावीत, असा निरोप मला तिघांनी दिला. तिघांनीही गुणाजीच्या हातचं जेवण टाकलं होतं. एकाने तर खरोखरच टाकलं होतं, टोप उपडा करून. तरी निरोप देताना तिघांचे चेहरे असे पडलेले, की गुणाजी त्यांचा सख्खा भाऊ असावा. "चार चांगले शब्द लिही," म्हणाले. चांगले शब्द माझ्याकडे आहेत. पण ते दोन पानांत मावणारे नाहीत आणि त्या स्मरणिकेत, सोनाराच्या आणि फटाक्यांच्या जाहिरातींमध्ये, मी ते ठेवणार नाही. म्हणून हे वेगळं लिहितो आहे. गावाचं नाव घालत नाही. मालवणच्या किनाऱ्याला, खाडीच्या काठाला, एवढं पुरे.

रांदपी म्हणजे आमच्याकडे आचारी. गुणाजी सगळ्या पंचक्रोशीचा रांदपी होता. लग्न, बारसं, बारावं, जत्रेचं गावजेवण, काहीही असो, मोठा टोप चुलीवर चढला की त्याच्यामागे गुणाजी. बुटका, आडवा, एक पंचा कमरेला आणि एक डोक्याला. माझा धंदा मांडव, भांडी आणि जेवणाच्या ठेक्याचा. हॉटेलात भांडी घासत मी यात आलो आणि आज माझे दोन टेम्पो फिरतात. घासाघीस केल्याशिवाय मी काडेपेटीसुद्धा घेत नाही. वीस-बावीस वर्षं गुणाजी माझ्याबरोबर होता आणि तेवढ्या वर्षांत त्याच्याशी मला एकदाही घासाघीस करता आली नाही. त्याचं एकच ठरलेलं. काम जमणार असेल तर "जमात" म्हणायचा, जमणार नसेल तर "जमाचा नाय." मधलं काही नाही. माझ्यासारख्याची सगळी कमाई त्या मधल्यातली.

टोपाकडे तो बघायचा कमी, ऐकायचा जास्त. काळ्या वाटाण्याचं सांबारं शिजत असताना डोळे मिटून उभा राहायचा. आम्ही बोलत असलो तर नुसता हात वर करायचा. मग म्हणायचा, "आवाज जड झालो. लाकडां भायर वडा." चव बघायला तो डवल्यातले, म्हणजे मोठ्या पळीतले, चार थेंब मनगटाच्या मागच्या बाजूला घ्यायचा, तळहातावर कधी नाही. तळहाताला घाम असतो, घामाला मीठ असतं, असं त्याचं म्हणणं. आणि स्वतःच्या हातचं तो जेवत नसे. चारशे माणूस ढेकर देत उठलं की हा घरी जाऊन पेज आणि सुका बांगडा खायचा.

"कित्याक रे?" मी एकदा विचारलं.

"दिवसभर वास घेतलंय मरे. पोट भरला."

त्याचं एक पालुपद होतं, "सांगान टाकलेला बरा." मीठ जास्त पडलं, दूध नासलं, भात खाली लागला, तो लगेच सांगून टाकायचा, आणि तेही यजमानाला बाजूला घेऊन नाही, सगळ्यांसमोर. एकदा जत्रेच्या जेवणात एका टोपातलं सांबारं खारट झालं. आम्ही सगळे म्हणत होतो, दुसऱ्या टोपात मिसळ, कोणाला कळणार नाही. हा डवला हातात घेऊन पंगतीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि बसणाऱ्या प्रत्येक पंगतीला सांगत सुटला, "डाव्या टोपातला खारट झाला. माझी चूक. होया तर उजव्यातला मागा." माणसं हसली. बऱ्याच जणांनी मुद्दाम डाव्यातलंच मागितलं. तेव्हा गाव तसं होतं, किंवा मला तसं वाटत होतं.

मिठबावच्या एका लग्नात मात्र मी त्याला मारायचाच बाकी होतो. हळदीचं जेवण. नवरीच्या मामाने कुठूनशी सुरमई आणली होती आणि आल्यापासून तिचंच कौतुक चाललं होतं. गुणाजीने एका माशाचा कल्ला उचलून बघितला आणि हात धुतले.

"ही आजची नाय. कालची पण नाय," तो मामाला म्हणाला.

"तुका कोणी इचारूक नाय," मामा म्हणाला. "मसालो जास्त घाल आणि रांध."

गुणाजी तसाच मांडवात गेला. मध्यभागी उभा राहून म्हणाला, "मंडळीनू, सुरमई शिळी आसा. माझ्या हातान ती शिजाची नाय. ओले काजू आसत, उसळ करतंय. अर्धो तास बसा."

मी त्याला खेचत मागे आणला. "मेल्या, धंदो बुडवतलंस माझो!"

"लोकांची पोटां बिघडण्यापेक्षा तुझो धंदो बुडलेलो बरो," तो म्हणाला, आणि काजू सोलायला बसला.

त्या मामाचं तोंड मी अजून विसरलेलो नाही. धंदा बुडला नाही. त्या घरची पुढची दोन्ही लग्नं मलाच मिळाली, पण ती 'गुणाजी असात तर' या अटीवर. सांगायचा मुद्दा असा, की या माणसाला खोटं बोलता यायचं नाही. काही जणांना पोहता येत नाही, तसं. आणि ज्याला पोहता येत नाही त्याला गावाने कुठे नेऊन सोडलं, ते आता लिहितो.

टोप उचलून उचलून त्याला हर्निया झाला. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं आणि त्यात बी कावीळ, म्हणजे हेपॅटायटिस बी, निघाली. मी त्याच्याबरोबर ओरोसच्या सरकारी इस्पितळात गेलो होतो. डॉक्टरीणबाई वयाने लहान, सांगलीकडच्या, बोलायला तिखट.

"माका कावीळ?" गुणाजी म्हणाला. "डोळे तर पांढरेफटक आसत."

"ही ती कावीळ नव्हे," बाई म्हणाल्या. "हा विषाणू बहुतेक जन्मापासून तुमच्या यकृतात आहे. आईकडून आला असेल, नाहीतर लहानपणी कुठल्या सुईतून. इतकी वर्षं तो आतून यकृत कुरतडतो आहे. ते आता जागोजागी घट्ट व्हायला लागलंय. रोज एक गोळी घ्यायची. इथे फुकट मिळते."

"किती दिवस?"

"रोज."

"रोज म्हंजे किती दिवस?"

"तुम्ही रोज जेवता ना? किती दिवस जेवणार आहात?"

गुणाजी हसला. मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, एक दिवसाआड चालणार नाही का?"

"तुम्ही कोण?"

"ठेकेदार."

"मग मांडवाचा ठेका घ्या," त्या म्हणाल्या. "ही गोळी विषाणूला मारत नाही, झोपवून ठेवते. थांबवली की तो जागा होतो, आणि जागा होतो तो चवताळून. यांच्या यकृताला ते झेपायचं नाही. माझ्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून गोळी बंद करायची नाही." मग त्यांनी गुणाजीकडे वळून आणखी सांगितलं, की हा आजार अन्नातून, पाण्यातून, हात लावल्याने पसरत नाही. रक्तातून पसरतो. खुशाल स्वयंपाक करा. बायकोला आणि मुलीला घेऊन या, तपासून लस देऊ.

त्याची बायको सुलभावयनी आणि मुलगी दोघी तपासून आल्या, दोघी नीट निघाल्या, दोघींनी लस घेतली. गुणाजीने गोळी सुरू केली. सकाळी चुलीत पहिलं लाकूड सारलं की गोळी, असं त्याने ठरवलं आणि एक दिवस चुकला नाही. मी मनात म्हटलं, जन्मात पहिल्यांदा फुकट आणि चांगलं असं काहीतरी एका जागी मिळालं.

मग त्याने सांगून टाकलं.

एका बारशाचं काम होतं. भाजी चिरायला बसलेल्या बायकांना तो म्हणाला, "ह्या बघा, माझा बोट कापला तर रगताक हात लावू नकात. माका बी कावीळ आसा. ती जेवणातसून जायत नाय, रगतातसून जाता." खारट सांबाऱ्याबद्दल बोलावं त्याच आवाजात. त्या बायकांत शेवंती म्हणून एक होती. तिने ते घरी सांगितलं, घराने वाडीत सांगितलं, आणि वाक्याचा पुढचा अर्धा भाग कुठेतरी वाटेत गळून पडला. 'गुणोक कावीळ आसा' एवढंच गावभर पोचलं.

पुढचं लिहितानाही माझ्या तोंडाला घाण चव येते. चहाच्या टपरीवर त्याचा ग्लास बंद झाला आणि कागदी कप आला. एक जण काविळीची माळ घेऊन घरी आला, की ही गळ्यात घाल, लांबत लांबत पायांपर्यंत आली की कावीळ उतरली. गुणाजीने त्याला पाटावर बसवून पाणी दिलं. तो पाणी न पिता गेला. माझ्याकडे माणसं यायची आणि ठेका द्यायची, आणि उठता उठता हळूच म्हणायची, "रांदपी मात्र दुसरो बघ." चार दिवसांपूर्वी याच माणसांनी त्याच्या हातचं बोटं चाटून खाल्लं होतं. बावीस वर्षं तोच हात आणि बावीस वर्षं तोच विषाणू. मी हे ओरडून ओरडून सांगितलं. त्यावर एक जण विचार करून म्हणाला, "म्हंजे आमका पण झाली असात!" आणि त्याने बायकोला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या.

एका घरी, जिथे अजून बातमी पोचली नव्हती, गुणाजीने वास्तुशांतीचं जेवण केलं. पंगत बसायच्या आधी बातमी पोचली. त्या माणसाने, स्मरणिकेचा निरोप आणणाऱ्या तिघांतल्याच एकाने, सांबाऱ्याचा भरलेला टोप दोघांना धरायला लावून मागच्या शेणखईत ओतला. वाफ निघत होती. शेणावर काळे वाटाणे पसरले आणि कोंबड्या धावत आल्या. गुणाजी पडवीच्या खांबाला धरून बघत होता. मी तोंडाला येईल ते बोललो, त्या माणसाच्या अंगावर गेलो, चौघांनी मला धरलं. गुणाजी एकच वाक्य बोलला, "कोंबड्यांका तिखट लागतला."

या सगळ्यांच्या वर अण्णा. समितीचा अध्यक्ष. मुंबईत कारकुनी करून निवृत्त झालेला, बैठकीत पुस्तकी मराठी बोलणारा, पांढरा लेंगा कधी मळू न देणारा. हा अण्णा दर रविवारी बाजारातल्या खुर्चीवर बसून दाढी करून घेतो. त्याच्या आधी त्या वस्तऱ्याने किती गाल कापलेले असतात, त्याला घेणं नाही. रक्तातून पसरणाऱ्या दुखण्याला हा वस्तरा चालतो आणि चुलीवर तासभर उकळलेलं सांबारं चालत नाही. मी हे त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "विषय भरकटवू नका."

जत्रेच्या गावजेवणाचा मान गुणाजीच्या घराण्याचा. त्याच्या बापाने रांधलं, आज्याने रांधलं. त्या दिवशी पहिला टोप उतरला की त्यातला पहिला डवला देवाच्या नैवेद्याला जातो, आणि तो घेऊन जायचा रांदप्याने. लग्नाची कामं गेली तेव्हा गुणाजी काही बोलला नव्हता. जत्रेचा मान काढून घेतला तेव्हा तो वाळायला लागला. सावंतवाडीहून आचारी आणला. तो सांबाऱ्यात सोडा घालायचा. दोन जत्रा अशा गेल्या. त्या दिवशी गुणाजी खाडीच्या बांधावर जाऊन बसायचा, आणि वारा देवळाकडून आला की उठून घरात जायचा.

"काय रे?" मी विचारलं.

"फोडणी करपली मरे," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते फोडणीचं नव्हतं.

"माका एकदा तो मान परत मिळवून दी," तो मला म्हणाला. "तू बोलणारो माणूस. माका बोलाक जमत नाय." बावीस वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी कामाला लागलो. आधी डॉक्टरीणबाईंकडून पत्र आणलं, की स्वयंपाक करायला हरकत नाही. समितीने ते नाकारलं. अण्णा म्हणाला, "त्यांना काय, त्यांना इथे जेवायचं नाही." मग काय हवं? "निगेटिव्ह रिपोर्ट." वर्ष-दीड वर्ष गोळी घेतल्यावर बाईंनी रक्तातला विषाणू मोजायला पाठवला आणि कागद आला, 'नॉट डिटेक्टेड'. बाई खूश झाल्या, पण बोट नाचवून म्हणाल्या, "सापडला नाही असं लिहिलंय. नाही असं लिहिलेलं नाही. गोळी चालू राहणार. कळलं?"

"कळला," गुणाजी म्हणाला.

मलाही कळलं होतं. हे मी लिहून ठेवतो.

कागद घेऊन मी समितीसमोर गेलो. देवळाच्या सभामंडपात आठ जण बसले होते. अण्णाने चष्मा पुसला, कागद दूर धरून वाचला.

"नॉट डिटेक्टेड. म्हणजे गेलं."

"डॉक्टर म्हणतात, झोपलंय," मी म्हटलं.

"कागदावर झोपलंय असं लिहिलेलं नाही."

दोघे-तिघे हसले. मला बरं वाटलं, सौदा सरकत होता. मी मुद्दे टाकत गेलो. सावंतवाडीच्या आचाऱ्याचा सोडा काढला, मागच्या जत्रेला किती पानं भरलेली उठली ते काढलं, मुंबईकर चाकरमानी काय बोलून गेले ते काढलं. हळूहळू आठातले पाच माझ्याकडे वळले. मग अण्णाने विचारलं, "आता गोळ्या घेतो की नाही?"

"घेतो."

अण्णाने कागद खाली ठेवला. "मग बरा कुठे झाला? गोळी चालू म्हणजे दुखणं चालू. दुखणं गेलं असेल तर गोळी गेली पाहिजे. सरळ आहे."

आठही माना हलल्या. मला दिसलं, की आता मी तोंड उघडलं तर माझ्याकडे वळलेले पाच परत जाणार. माझ्या धंद्यातली एक सवय आहे. सौदा जुळत आला की समोरच्याची शेवटची अट ऐकून न ऐकल्यासारखी करायची. घरी गेल्यावर कोण बघतंय! मी म्हटलं, "ता बघूया मागाहून. आधी मान परत दिला म्हणा."

"दिला," अण्णा म्हणाला. "पण देवासमोर गाऱ्हाणं घालून."

मी उठून त्याचा हात हातात घेऊन हलवला.

गाऱ्हाणं म्हणजे देवाच्या कानावर घातलेली गोष्ट. जत्रेच्या आदल्या सकाळी गुरव देवासमोर उभा राहिला, त्याच्या बाजूला हात जोडून गुणाजी, मागे सगळं गाव. गुरव एकेक वाक्य मोठ्याने म्हणतो आणि गाव प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून रुकार देतं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जो काय ह्यो तुझो लेकरू गुणाजी तुझ्या पायाकडे उभो रवलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका जी काय पिडा व्हती ती तुझ्या कृपेन दूर झाली..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि आजपासून तेणा गोळये-औषध सोडून तुझो अंगारो तेवढो लावचो..."

"व्हय म्हाराजा!"

त्या आरोळीत माणूस वाक्य ऐकत नाही, वाक्य संपायची वाट बघतो. माझ्याही तोंडून ते गेलं, आणि आवाज माझा मोठा आहे. गेल्यावर अर्थ लागला. मी अण्णाकडे बघितलं. अण्णा डोळे मिटून उभा होता.

दुसऱ्या दिवशी गुणाजीने जे रांधलं तसं मी आयुष्यात खाल्लं नाही. सावंतवाडीकराच्या सोड्याने विटलेली माणसं चौथ्यांदा भात मागत होती. ज्याने टोप शेणखईत ओतला तोही बसला होता आणि वाटी तोंडाला लावून पीत होता. पहिला डवला घेऊन गुणाजी एक थेंब सांडू न देता गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेला. मी ते बघितलं आणि मला वाटलं, एक अट सोडली तर काय बिघडलं. गोळी तो घेणारच.

आठवड्याने त्याच्या घरी गेलो, तर सुलभावयनी घरासमोरच्या खळ्यातच रडकुंडीला आली होती. "भावोजीनू, गोळी सोडल्यानी हेंनी. जत्रेच्या आदल्या दिसापासून एक पण घेवक नाय."

गुणाजी माडाच्या मुळाशी झावळीचा झाप विणत बसला होता. मी म्हटलं, "गुणाजी, अक्कल आसा? हयसर अण्णा नाय, गुरव नाय. घरात बसून गीळ. कोणाक कळतला?"

"देवाक."

"देवाक आधीच म्हायत आसा!"

"मगे तेच्याकडे खोटा कसा बोलतलंय?"

"अरे, ती अट अण्णान घातली. देवान नाय."

"शंभर माणसांनी व्हय म्हाराजा म्हटला," तो झापावरून मान वर न करता म्हणाला. "तू पण म्हटलंस. मी आयकलंय. तुझो आवाज सगळ्यांत मोठो."

लोकांच्या खोटेपणाची मला सवय आहे, मी त्यावरच पोट भरतो. पण त्या दिवशी या माणसाच्या खरेपणाचा मला असा तिटकारा आला, की मी त्याचा झाप लाथेने उडवला आणि निघून आलो. जाताना वयनीला सांगितलं, गोळी वाटून पेजेत घाल. तिने घातली. त्याने एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "पेजेत काय घातलंस गो?" बावीस वर्षं मनगटावरच्या चार थेंबांत मीठ ओळखणारा माणूस. त्याला कोण फसवणार?

मी ओरोसला जाऊन बाईंना सांगायला हवं होतं. लग्नसराई सुरू झाली होती. उद्या, परवा करत मी राहिलो. मी कामात होतो, हे खरं आहे, आणि त्याने काही सुटत नाही.

शिमग्याच्या सुमाराला त्याला जेवणाचा वास सहन होईना. फोडणी दिली की हा घराबाहेर जाऊन ओकायचा. लघवी चहासारखी झाली, मग डोळे पिवळे झाले, मग अंग. तरी चार दिवस गावात हेच चाललं होतं, की कावीळ परत उलटली, पथ्य मोडलं असेल. माळवाला पुन्हा आला. अण्णा म्हणाला, "श्रद्धा कमी पडली." मला वयनीचा फोन आला तेव्हा मी हातातलं काम टाकून टेम्पो काढला.

बाईंनी त्याचे डोळे बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळी कधी बंद केलीत?"

"जत्रेच्या आदल्या दिसा," गुणाजी म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

तो माझ्याकडे बघायला लागला. खोटं बोलायचं नाही आणि कोणाचं नावही घ्यायचं नाही, अशी त्याची अडचण झाली. शेवटी म्हणाला, "माझ्याच तोंडान सोडलंय, बाय."

बाईंनी टेबलावर हात आपटला. मग त्याच हाताने नवीन पाकीट फोडून गोळी त्याच्या पुढ्यात धरली. त्याने घेतली नाही. "देवाक सांगल्याशिवाय कशी घेतलंय?" म्हणाला. बाई रागावल्या नाहीत. त्या खुर्चीवरून उठून त्याच्या शेजारी बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "गुणाजी, तुम्ही शिळा मासा लोकांना घालत नाही, असं ऐकलंय मी. का घालत नाही?" "पोटां बिघडतत," तो म्हणाला. "मग स्वतःच्या पोटात हे का घातलंत?"

त्याने हात पुढे केला. मग त्याने गोळी घेतली. सिस्टरने जीभ वर करून दाखवायला सांगितली, तशी त्याने दाखवली.

दोन दिवस त्यांनी ठेवून घेतला, पण पोटात पाणी भरायला लागलं होतं आणि तो बोलता बोलता अर्ध्यात विसरत होता. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्या, म्हणाले. तिथे तो नवव्या दिवशी गेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळी परत सुरू केली ते बरोबर, पण यकृताने तोवर हात टेकले होते. त्या नऊ दिवसांतला गुणाजी मला आठवायचा नाही. मला आठवतो तो गोव्याला निघतानाचा.

गाडी माझीच होती. ओरोसहून आधी कपडे घ्यायला घरी वळलो, आणि निघताना त्याने देवळासमोर थांबायला लावलं. उतरता येत नव्हतं. खिडकी खाली केली. संध्याकाळची आरती आटोपून माणसं बाहेर पडत होती. पिवळाधमक गुणाजी बघून जो तो चपला शोधायला लागला. अण्णा प्रसादाचं ताट घेऊन पायरीवर होता. त्याला येणं भाग पडलं. खिडकीपासून हातभर लांब उभा राहून त्याने खोबऱ्याचा तुकडा वरून सोडला. तो गुणाजीच्या ओंजळीत न पडता खाली मातीत पडला. अण्णाने दुसरा सोडला नाही.

"अण्णानू," गुणाजी म्हणाला, "मी गोळी परत चालू केलंय. तेवढा गाऱ्हाणा घाला देवाक. मी शबूद मोडलंय."

"आत्ता कसं? गुरव गेला घरी," अण्णा म्हणाला. "पुढच्या बैठकीत विषय घेऊ."

मी दार उघडून उतरत होतो. उतरलो असतो तर त्या दिवशी काय झालं असतं ते सांगता येत नाही. गुणाजीने माझा दंड धरला. मग खिडकीतून सरळ गाभाऱ्याकडे बघत, पंगतीला सांगायचा त्या आवाजात, त्याने स्वतःच सांगितलं.

"देवा, मी गुणाजी. मी गोळी घेतंय. तुका चोरून नाय, तुझ्यासमोर घेतंय."

मागे बसलेल्या सुलभावयनीने बाटली दिली. त्याच्याच्याने पाकिटातून गोळी निघेना. मी काढून देऊ लागलो तर त्याने मान हलवली. नखाने चांदी फाडून गोळी काढली, जिभेवर ठेवली, पाणी प्यायला. देवळाच्या पायरीवर पंधरा-वीस माणसं उभी होती. एकाच्याही तोंडून 'व्हय म्हाराजा' निघालं नाही.

मग तो अण्णाकडे वळला. इस्पितळात सिस्टरने शिकवलं होतं तसं त्याने तोंड मोठं उघडलं आणि पिवळी जीभ वर करून दाखवली, गोळी खरोखर गेल्याची खात्री पटावी म्हणून. अण्णा लेंगा सावरत दोन पावलं मागे सरला. गुणाजी तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. अण्णा काहीतरी म्हणेल, म्हणून तो थांबला होता.